मागची सीट

“थांबवा! अहो, थांबवा म्हणते ना!”

ह्यांनी गाडी थांबवली ती नेमकी बाजाराच्या दिवशी, नेमकी एसटी स्टँडसमोर आणि नेमकी भाजीवाल्या चंद्राबाईच्या पाटीशेजारी. मी दार ढकललं, बाहेर वाकले आणि सकाळचे पोहे रस्त्याला अर्पण केले. चंद्राबाईनं आधी आपली मेथी उचलून पलीकडे ठेवली, मग माझी पाठ चोळली, आणि मग मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बघून तोंडभर हसली.

“हौसाबाई, पेढं कवा?”

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “आत्ताच काय न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. पण ज्या आवाजात म्हणाल्या, तो ऐकून पलीकडच्या केळीवाल्यालाही सगळं समजलं. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. आमच्या विट्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत. या आत्यांनी पाच वर्षांत मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. उलट शेजारीपाजारी बारसं असलं की मला मुद्दाम काहीतरी काम सांगून घरी ठेवायच्या, म्हणजे तिथं कुणी मला काही विचारायला नको. अशी सासू मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य, असं माझी आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

त्यातून माझी पाळीही लांबली होती. तशी ती पहिल्यापासून लहरीच, पण या खेपेला जरा जास्तच रेंगाळली. त्यामुळे मीही आत्यांइतकीच हुरळले होते. स्वयंपाक करताना पोटावर हात ठेवून उभी राहायची आणि भाकरी करपवायची.

“तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ का?” मी विचारलं.

“तिसरा महिना सरल्याबिगर कुनाला दाखवायचं न्हाई. नजर लागती,” आत्या म्हणाल्या. सगळ्या बाजाराची नजर त्यांनी हिशोबात धरली नसावी.

आता गाडीविषयी सांगायला हवं. पाडव्याच्या मुहूर्तावर ह्यांनी कऱ्हाडच्या एका कंत्राटदाराकडून बदामी रंगाची जुनी गाडी घेतली होती. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे, पण त्या दिवसापासून वर्गात जगाच्या नकाशापेक्षा गिअरची चर्चा जास्त व्हायला लागली. मामांचं तर विचारूच नका. त्यांनी उभं आयुष्य बैल सांभाळले होते. बैल गेले, पण बैल धुवायची हौस कुठं जाणार? रोज सकाळी ते गाडीला अंघोळ घालायचे. बाहेरून, आतून, डिकीतूनसुद्धा. बादलीनं पाणी ओतायचं आणि खराट्यानं खसाखसा घासायचं. शिंगं असती तर रंगवलीही असती.

गाडीत बसायच्या जागा देव्हाऱ्यातल्या देवांसारख्या ठरलेल्या होत्या. हे चालवणार. शेजारी मामा, काच खाली, कोपर बाहेर, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला कळावं की गाडी कुणाची. मागं आम्ही दोघी. मागच्या काचा कायम वर, कारण आत्यांच्या कानांना वारा सोसत नसे. कानात कापूस, वरून फडकं, आणि हातात तपकिरीची डबी. तपकिरीनं आपलं नाक कामातून गेलंय, असं त्या स्वतःच सांगायच्या.

माझं नाक मात्र शाबूत होतं.

“मागं धुराचा वास येतो हो,” मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते.

“कसला वास?” हे म्हणाले. “मला नाही येत. तात्या, तुम्हाला येतो?” त्यांनी वडिलांना विचारलं.

“गाडीत पेट्रोल असतंय, अत्तर न्हाई,” मामा म्हणाले आणि कोपर आणखी थोडं बाहेर काढलं.

पुढं उलट्या सुरू झाल्या, पाळीचं घरात कळलं आणि मग वासाचा निकालच लागला. अशा दिवसांत बायकांना नसलेले वास येतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी ‘वास येतो’ म्हटलं की तोही पुरावाच ठरायचा. एकदा तर मी आग्रहानं म्हणाले, “अहो, खरंच येतो,” तर आत्यांनी गाडीतच माझी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या त्या कनवटीलाच ठेवायला लागल्या होत्या.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. घरात मला काही होत नव्हतं. सकाळी उठल्यावर मळमळ नाही, फोडणीच्या वासाचा त्रास नाही. पिठलं-भाकरी मी चापून खायची आणि वर ठेचा मागून घ्यायची. ढवळायचं ते फक्त गाडीत. खाली उतरून थोडं चाललं की पुन्हा सगळं ठीक. हा विचार मनात आला की मी उठून काहीतरी काम काढायची. तांदूळ निवडलेले असले तरी पुन्हा निवडायची. तो विचार शेवटपर्यंत न्यायची माझी छाती होत नव्हती.

आणि अशात आत्यांनी चोरओटीचा बेत ठरवला.

चोरओटी म्हणजे गर्भारशीची पहिली ओटी. तिसरा महिना लागला की गाजावाजा न करता, घरातल्या घरात भरायची. आत्यांचा महिन्यांचा हिशोब फार उदार होता. दिवस जेमतेम दीड महिन्याचे, पण त्या ‘तिसरा लागलाच म्हनायचा’ यावर आल्या होत्या. त्यांनी नवस बोलला होता की ही ओटी डोंगरावरच्या देवीसमोर भरीन. खण आणून झाला, नारळ आणून झाला. शुक्रवार ठरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं सासू उतावळी होती. मी नाही म्हणू शकले असते. पण खणाचा रंग मला दाखवताना त्यांचा चेहरा असा झाला होता की माझ्या तोंडातून ‘छान आहे’ एवढंच निघालं.

शुक्रवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली आणि आत्यांनी बॉम्ब टाकला.

“शालन पुढं बसंल.”

मामा पुढच्या दाराच्या मुठीला हात घालून उभे होते. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आन् मी?”

“तुमी मागं. माज्याशेजारी.”

“मी मागं?”

“मागं हादरं बसत्यात. घाटाचा रस्ता हाय. तिला सोसायचं न्हाई.”

“आगं पन लोक काय म्हनतील? सून पुढं आन् सासरा मागं?”

“म्हनतील, म्हातारं शहाणं झालं. बसा.”

मामांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आरशाचा कोन ठीक करण्यात अचानक फार गुंतले. शेवटी नातवाचं नाव पुढं आलं आणि मामा मागं गेले. बसता बसता काच खाली करायला लागले तर आत्यांनी कानाचं फडकं दाखवलं. काच वर झाली.

पुढच्या सीटवर बसून रस्ता कसा दिसतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मागून मला नेहमी दोन डोकी दिसायची, एक फेट्याचं आणि एक विरळ केसांचं. आज समोर सगळं मोकळं होतं. कडुलिंबाची रांग, उसाच्या गाड्या, रस्ता ओलांडणारी शेळी. काच खाली, तोंडावर वारा. मला इतकं बरं वाटत होतं की मी गाणं म्हणायचीच बाकी होते.

एसटी स्टँड आला आणि गेला. चंद्राबाई मेथी उचलायच्या तयारीत होती, तिला मी हात केला. पुढं ओढ्याचा पूल आला. तिथं दर खेपेला माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पूलही गेला. मग साखर कारखान्याचा फाटा आला. तिथं तर मळीच्या वासानं चांगल्या माणसालाही ढवळतं. मला नाही ढवळलं.

“बरं वाटतंय?” ह्यांनी हळूच विचारलं.

“हो,” मी म्हणाले, आणि माझा मलाच धक्का बसला.

मला बरं वाटत होतं, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटायला लागलं. मी पोटाकडे लक्ष लावून बसले. थोडं तरी ढवळ की रे, असं मनात म्हणाले. लहानपणी पाजलेलं एरंडेल आठवून पाहिलं. शिळ्या ताकातली माशी आठवून पाहिली. उलटी यावी म्हणून देवाला साकडं घालणारी जगात मी पहिलीच बाई असेन. पोट आपलं शांत. उलट त्याला भूकच लागली होती.

मागं मामांची बडबड सुरुवातीला चालू होती. कुणाचं रान, कुणी विहीर पाडली, कुणाचा भाऊ कुणाशी भांडला. फाटा गेल्यावर ती कमी झाली. चढ लागला तशी बंदच पडली. मग आवाज आला, तोही बारीक.

“निवास... थांबीव.”

“काय झालं तात्या?”

“थांबीव म्हन्तो ना!”

गाडी नीट उभी राहायच्या आत मामा उतरले, वडाच्या बुंध्याला धरून वाकले आणि त्यांनी जे काही केलं ते मी गेला दीड महिना करत होते. फेटा निसटून खाली पडला. हे पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

आत्याही खाली उतरल्या होत्या. “काल रातच्याला भजी लई हाणली ह्यांनी,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “तरी मी सांगत हुते.”

“तेलच वाईट होतं,” हे म्हणाले.

“कांदा बाधला,” मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिघांचं एका गोष्टीवर एकमत होत होतं. मीही ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं सुरळीत होतं. देवीला जायचं, ओटी भरायची, पुढच्या सीटवर बसून घरी यायचं. आणखी थोडे दिवस तरी माझं स्वप्न माझ्याकडे राहिलं असतं.

मी ‘हो’ म्हणणारही होते. पण तेवढ्यात माझं लक्ष आत्यांकडे गेलं. त्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. तपकिरीच्या डबीचं झाकण काढायला बघत होत्या आणि ते त्यांच्या बोटांना निघत नव्हतं. मला वाटलं या आता पडतात. मी पुढं होऊन त्यांना दंडाला धरलं, तर त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी घाबरले. खरोखर घाबरले.

“भजी मीही खाल्ली होती,” मी म्हणाले. “तुमच्यापेक्षा जास्तच. मला काही झालं नाही.”

“तुझं येगळं हाय,” आत्या म्हणाल्या.

“काही वेगळं नाही. आज मी पुढं बसले, मला काही नाही. मामा मागं बसले, त्यांना झालं. मागं जो बसतो त्याला होतं.”

 मी डिकीकडे निघाले.

“डिकी कशाला उघडतीस?” आत्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या. “ओटीचं सामान मी काढते. तू नको हात लावूस.”

पण मी उघडली होती. खण, नारळ, तांदळाची पिशवी उचलून ह्यांच्या हातात दिली, खालचं गोणपाट ओढलं आणि बघत राहिले. डिकीच्या तळातून रस्ता दिसत होता. दोन गोल भोकं, बांगडीएवढी, आणि भोवतीचा बदामी पत्रा काजळी धरून काळा झालेला.

“ही भोकं कुणी पाडली?” ह्यांनी विचारलं.

मामा तोंड धुऊन येत होते. “पाडली न्हाईत. हुतीच. रबरी बुचं बसवलेली हुती, ती मी काढली.”

“का?”

“का म्हंजे? धुतल्यावर पानी कुठनं जायाचं? पानी तुंबलं की पत्रा सडतोय.” मामांना स्वतःचा अभिमानच वाटत होता. “मोरी केली मी.”

गाडीला मोरी! ह्यांनी कपाळावर हात मारला. पण भूगोलाच्या मास्तरांना अजून खात्री पटेना. रस्त्यावरचा धूर आत यायचा तर तो वळून कसा येईल, वाऱ्याची दिशा काय, असं त्यांचं सुरू झालं. मी पूजेच्या ताटातून उदबत्तीचा पुडा काढला, निम्मा पेटवला आणि ह्यांना म्हणाले, “गाडीखाली भोकाशी धरा. डिकी मी लावते.” काचा वर करून मी मागच्या सीटवर जाऊन बसले. थोड्याच वेळात पाठीमागच्या गादीच्या फटीतून मोगऱ्याचा निळसर धूर वर आला आणि गाडीचं देऊळ झालं.

“येतोय!” मी आतून ओरडले.

“आणि इथं सायलेन्सरचा जोडच फुटलाय!” हे गाडीखालून ओरडले. “बरोब्बर मोरीच्या खाली!”

हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकाला काजळी होती आणि चेहऱ्यावर भीती. हा धूर नुसता ओकारीचा नसतो, काचा लावून माणूस बसला तर झोपेतच जातो, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं होतं. ते आता आठवलं. वडाखाली टेकलेले मामा ताडकन उठले.

“आत्ताच्या आत्ता फाट्यावरच्या मिस्त्रीकडं चल. असल्या गाडीत बसायचं तरी कसं? जीव घ्यायची गाडी ही!”

आत्या अजून बॉनेटला टेकून होत्या. आता त्यांना थोडी हुशारी आली होती.

“दीड महिना पोरगी ओकतीया, तवा पेढं,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी एकदा ओकलासा की मिस्त्री.”

मामांनी फेटा झटकला आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. मोरीत गोणपाट कोंबून, चारी काचा खाली करून बापलेक फाट्याकडे परत गेले. आम्ही दोघी वडामागून वर जाणाऱ्या देवीच्या पायऱ्या चढायला लागलो. तसं आता वर जायचं काही कारण उरलं नव्हतं, पण खाली उभं राहून तरी काय करणार?

अर्ध्या वाटेत आत्या पायरीवर टेकल्या. मी शेजारी बसले. ओटीचं सामान त्यांच्या मांडीवर होतं. त्यांना कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, मला सुचत नव्हतं.

“आत्या,” मी शेवटी म्हणाले, “तसं काही नाहीय. मला नाही वाटत काही आहे.”

“मला म्हाईत हाय.”

“आत्ता कळलं तुम्हाला, पण मला आधीच...”

“आत्ता न्हाई.” त्यांनी खणाची घडी नीट केली, जी आधीच नीट होती. “पाडव्यानंतर दुसऱ्या खेपेलाच माझ्याबी पोटात ढवळलं. डोकं असं धरायचं की घरी जाऊन निजून ऱ्हायाची. नाक गेलंय माझं, पोट न्हाई गेलं. म्हनलं, ह्या वयात मला कशानं ढवळतंय? काय ते गाडीतच हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? माझ्या पोटात ढवळतंय असं म्हनाले असते, तर तुझ्या पोटातलं गेलं असतं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तुझा चेहरा बघत हुते गं मी. भाकरी करपवायचीस, पोटावर हात ठिवून. पाच वर्सांत तुला अशी कवा बघितली न्हवती. म्हनलं, ऱ्हाऊ दे की चार दीस.”

“आणि मी तुमचा चेहरा बघून गप्प बसले होते,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. एकाच सीटवर, शेजारी शेजारी, बंद काचांच्या आत आम्ही दोघी धूर गिळत बसलो होतो, आणि तेही एकमेकींसाठी. काय म्हणावं याला? मी त्यांच्या मांडीवरच्या खणावर नारळ ठेवला आणि मूठभर तांदूळ घेऊन म्हणाले, “पदर पुढं करा.”

“आगं, काय करतीस?”

“ओटी भरते. लक्षणं तर तुम्हालाही तीच होती की.”

आत्यांनी खणाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण ते दाबलं जाईना. “मग तुझ्या मामंजींचीबी भरावी लागंल,” त्या कशाबशा म्हणाल्या, आणि मामा पदर पसरून पाटावर बसलेत असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आम्ही दोघी तिथं, पायरीवर, पोट धरधरून हसलो. वरून उतरणाऱ्या बायका आमच्याकडे वळून वळून बघत होत्या. तांदूळ सगळ्या पायरीवर सांडले.

हसता हसता माझं हसू कधी संपलं आणि रडू कधी सुरू झालं, ते मला कळलंच नाही. पाच वर्षांत मी कुणासमोर रडले नव्हते. मी रडतेय हे आत्यांना माझ्या आधी कळलं असावं. मांडीवर माझ्या डोक्याला जागा व्हावी म्हणून त्यांनी तिथला नारळ उचलला आणि बाजूला पायरीवर ठेवून दिला.